सोडा-पाणी यंत्र, घरगुती

सोडा-पाणी यंत्र, घरगुती : पिण्याच्या पाण्यात कार्बन डाय-ऑक्साइड वायू दाबाखाली विरघळवून सोडा-पाणी (सोडा वॉटर) तयार करण्याची व ते तोटीवाटे पेल्यात घेण्याची, घरी जुळविता येण्यासारखी मांडणी. वायूची टाकी, दाब नियंत्रक, वायू व पाणी यांचा संयोग घडवून आणणारे पात्र आणि वितरणाची तोटी हे तिचे चार मुख्य भाग होत. हे भाग सुटे मिळत असल्याने जुळणी अवघड नसते. तथापि टाकीतील दाब हा पात्राला सहन होणाऱ्या दाबाच्या कित्येक पट असतो. त्यामुळे सोड्याचा कस मुख्यतः पाण्याच्या थंडपणावर, तर वापरणाऱ्याची सुरक्षितता दाबाच्या नियंत्रणावर अवलंबून असते.

इतिहास : निसर्गतः वायुयुक्त असलेल्या झऱ्यांचे पाणी औषधी मानून यूरोपात पूर्वीपासून पिण्यात येत असे. तसे पाणी कृत्रिम रीत्या करण्याचे श्रेय जोसेफ प्रीस्टली या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांना दिले जाते. लीड्स येथील एका मद्यनिर्मितिशाळेत किण्वनाच्या (आंबण्याच्या क्रियेच्या) पिंपांवर साचणारा वायू त्यांनी १७६७ मध्ये पाण्यात मिसळला. खडूवर सल्फ्यूरिक अम्लाची क्रिया करून हा वायू मिळविण्याची व पाण्यात विरघळविण्याची कृती त्यांनी १७७२ मध्ये प्रसिद्ध केली. अशा पाण्याने खलाशांना होणारा स्कर्व्ही रोग बरा होईल अशी त्यांची समजूत होती. ती पुढे चुकीची ठरली. योहान याकोप श्वेप यांनी १७८३ मध्ये जिनीव्हा येथे या पाण्याचे व्यापारी उत्पादन सुरू केले. एकोणिसाव्या शतकात यूरोपातील घरांतून खाण्याचा सोडा व टार्टारिक अम्ल यांच्या विक्रियेवर चालणारी दुहेरी काचपात्रे प्रचारात आली. ती फुटल्यास इजा होऊ नये म्हणून त्यांवर वेताची किंवा तारेची जाळी विणलेली असे. हायरम कॉड यांनी १८७२ मध्ये काचेच्या गोटीने बंद होणाऱ्या बाटलीचे एकस्व (पेटंट) घेतले. महाराष्ट्रात ‘गोटी सोडा’ म्हणून परिचित असलेली बाटली ती हीच. तिच्यात आतील वायूचाच दाब गोटीला मानेतील रबरी कड्यावर घट्ट बसवितो.

तत्त्व : ठराविक तापमानास द्रवात विरघळणाऱ्या वायूचे प्रमाण त्या वायूच्या दाबाशी समानुपाती असते, हा नियम विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडला. तापमान वाढले की मात्र विद्राव्यता घटते. एक वातावरण दाबाखाली १ लि. पाण्यात ०° से. ला सु. ३·३ ग्रॅ., २०° से. ला सु. १·७ ग्रॅ. व ३०° से. ला सु. १·३ ग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड विरघळतो. चांगल्या झणझणीत सोड्यात दर लिटरला ७ ते ८ ग्रॅ., म्हणजे पाण्याच्या घनफळाच्या सु. चौपट वायू असतो. सोडा-सायफनासाठी मिळणाऱ्या लहान नळकांड्यांत ८ ग्रॅ. वायू असतो, तो याच हिशेबाने. एवढा वायू ४° से. च्या पाण्यात राहण्यासाठी दाबमापकावर सु. १·८ किग्रॅ./चौ. सेंमी. दाब पुरतो, तर ३०° से. च्या पाण्यासाठी सु. ५·२ किग्रॅ./चौ. सेंमी. दाब लागतो. घरगुती सोडा मिळमिळीत होण्याचे नेहमीचे कारण वायूची कमतरता नसून पाण्याचा कोमटपणा हे असते. अशा वेळी दाब वाढवीत जाणे धोक्याचे असते. पाणी अधिक थंड करणे हा त्यावरचा योग्य उपाय होय.

विरघळलेल्या वायूचा एक टक्क्याहूनही कमी अंश पाण्याशी संयोग पावून कार्बोनिक अम्ल बनते. सोड्याची किंचित आंबट चव मुख्यतः त्यामुळे येते. पाण्यावरील पोकळीत हवा राहिल्यास एकूण दाबाचा काही भाग हवेचा असतो व तेवढा कार्बन डाय-ऑक्साइड कमी विरघळतो. म्हणून आरंभी पात्रात थोडा वायू भरून तो दोन-तीन वेळा बाहेर सोडतात.

रचना : (१) टाकी : हिच्यात कार्बन डाय-ऑक्साइड दाबाखाली द्रवरूपात असतो. २०° से. ला टाकीतील दाब सु. ५८ किग्रॅ./चौ. सेंमी. असतो. द्रव शिल्लक असेपर्यंत तो जवळजवळ स्थिर राहत असल्याने टाकीत किती वायू उरला हे दाबमापकावरून कळत नाही. त्यासाठी टाकी वजन करून पाहावी लागते. टाकी वापरताना उभी व साखळीने भिंतीला बांधलेली असावी. ती आडवी ठेवल्यास द्रव नियंत्रकात शिरून तेथे एकदम उकळतो. वायू खाद्यप्रतीचाच घ्यावा लागतो. इतर उपयोगांसाठी भरलेल्या टाक्यांत तेलाचे अंश वा अन्य अशुद्ध द्रव्ये असण्याचा संभव असतो.

(२) दाब नियंत्रक : टाकीतील उच्च दाब उतरवून ठरविलेला स्थिर दाब देणारे हे साधन होय. त्यावर बहुधा दोन दाबमापक असतात : एक टाकीतील व दुसरा पात्राकडे जाणारा दाब दाखविणारा. दाब मर्यादेबाहेर गेल्यास आपोआप उघडणारी सुरक्षा झडप त्यावर असणे अत्यावश्यक आहे.

(३) पात्र : सर्वांत साध्या मांडणीत वायुयुक्त पेयांचीच प्लॅस्टिक बाटली वापरतात. ती थंड पाण्याने तीन-चतुर्थांश भरून व दाबून हवा काढून झडपेच्या बुचाने बंद करतात आणि वायू जोडून एक-दोन मिनिटे जोराने हलवितात. हलविल्याने पाणी व वायू यांचा संपर्कपृष्ठभाग वाढतो व अनेक दिवसांचे काम काही मिनिटांत होते. अधिक प्रमाणावर सोडा हवा असल्यास शीतपेयांच्या व्यवसायातील १९ लि. धारणेचे अगंज (स्टेनलेस) पोलादाचे पात्र सोयीचे पडते. त्याच्या एका जोडातून वायू आत येतो व तळापर्यंत गेलेल्या नळीतून सोडा बाहेर पडतो. अशी पात्रे सु. ९ किग्रॅ./चौ. सेंमी. दाबासाठी बनविलेली असतात. नियंत्रकाशिवाय टाकी जोडल्यास त्यांवर याच्या सहापटीहून अधिक दाब येईल हे उघड आहे. तिसऱ्या, अखंड प्रकारात विद्युत् पंप नळाचे पाणी वायूने भरलेल्या लहान पात्रात फवारतो आणि पातळीदर्शक त्या पंपाची चालू-बंद क्रिया नियंत्रित करतो.

(४) तोटी : दाब एकाएकी उतरल्यास वायूचे बुडबुडे पात्राबाहेर पडतानाच सुटतात व पेल्यात केवळ फेस उरतो. म्हणून पात्र व तोटी यांमध्ये सु. ५ मिमी. आतील व्यासाची काही मीटर लांब नळी वेटोळी करून ठेवतात. तिच्यातील घर्षणाने दाब क्रमाक्रमाने उतरतो. नळीही पात्राइतकीच थंड असावी लागते. त्यामुळे ती शीतकपाटातच ठेवतात.

पाणी : क्लोरीनचा वास व गढूळपणा सोड्यात अधिक जाणवतो, म्हणून पाणी क्रियाशील कार्बनातून गाळून घेणे इष्ट असते. गाळातील सूक्ष्म कणांभोवती बुडबुडे तयार होऊन वायू लवकर निघून जातो. दाबाखालील वायूमुळे दूषित पाणी पिण्यायोग्य होते असे मानणे चूक आहे. पाणी आधीच निर्जंतुक केलेले असावे.

सुरक्षितता : कार्बन डाय-ऑक्साइड हवेच्या सु. दीडपट जड असून तो खोलीच्या खालच्या भागात साचतो. हवेतील त्याचे प्रमाण ३ ते ५ टक्के झाल्यास धाप लागते व डोके दुखते, सु. १० टक्क्यांस माणूस बेशुद्ध पडू शकतो. २ किग्रॅ. वायूचे सामान्य तापमानास सु. १·१ घ. मी. घनफळ होते. ३ मी. लांब, रुंद व उंच अशा बंद स्वयंपाकघरात एवढा वायू गळल्यास तेथील प्रमाण सु. ४ टक्के होईल; जमिनीवर झोपलेल्या व्यक्तीभोवती ते याहूनही अधिक असू शकेल. यास्तव टाकी वायुवीजन असलेल्या जागी ठेवावी, सर्व जोड साबणाचे पाणी लावून तपासावेत व काम झाल्यावर टाकीची मुख्य झडप बंद करावी. ३१° से. या क्रांतिक तापमानाच्या वर टाकीत द्रव व वायू असा भेद उरत नाही आणि दाब झपाट्याने वाढतो. महाराष्ट्रातील उन्हाळ्यात ही मर्यादा सहज ओलांडली जाते. त्यामुळे टाकी प्रमाणाबाहेर भरणे किंवा उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवणे विशेष घातक असते. भारतात या टाक्यांना गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू असून त्यांची अंमलबजावणी नागपूर येथे मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना करते. टाकीवर कोरलेली चाचणीची तारीख पाहूनच ती भरून घ्यावी.

सोडा अम्लधर्मी असल्याने त्याचा तांब्याशी वा पितळेशी संपर्क येऊ देत नाहीत. अखंड प्रकारच्या यंत्रात वायू उलट दिशेने घरातील तांब्याच्या नळात शिरल्यास तांबे विरघळून विषबाधा होऊ शकते. ती टाळण्यासाठी पाण्याच्या मार्गात एकापुढे एक अशा दोन एकदिश झडपा बसवितात. साध्या काचेच्या बाटलीत वायू भरणे, तसेच बंद बाटलीत शुष्क बर्फ (घनरूप कार्बन डाय-ऑक्साइड) टाकणे कटाक्षाने टाळावे. शुष्क बर्फाच्या १ ग्रॅममधून सु. अर्धा लिटर वायू निघतो व बाटलीचा स्फोट होतो. खाण्याचा सोडा व सायट्रिक अम्ल यांपासून वायू मिळविता येतो, १ लि. सोड्याला पुरेल एवढ्या वायूसाठी तत्त्वतः ती अनुक्रमे सु. १५ ग्रॅ. व १२ ग्रॅ. लागतात. परंतु त्या जनित्रालाही सुरक्षा झडप हवीच. जुळणी केलेले पात्र प्रथम पाण्याने काठोकाठ भरून पाण्याच्याच दाबाखाली तपासतात. पाण्याचे आकारमान दाबाने फारसे घटत नसल्याने त्यात ऊर्जा साठत नाही आणि पात्रात दोष असल्यास ते स्फोट न होता केवळ गळते.