सांध्यांतील चूक

एकत्र कुटुंबांत प्रत्येक माणूस शहाणा असला म्हणजे घर सुरळीत चालतेंच असें नाहीं. एकानें मनांत योजलेलें दुसऱ्यास वेळेवर कळावें लागतें. आजच्या युद्धसामग्रीचीहि स्थिति अशीच आहे. शत्रूचा वेध घेणारें रडार, गणित करणारा संगणक आणि अस्त्र सोडणारें यंत्र हीं स्वतंत्रपणें घडतात. मग त्यांना एकजीव करावें लागतें. हें जुळणीचें काम किंचित् चुकलें तर काय अनर्थ ओढवतो, ह्याचें एक उदाहरण वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सन १९९१ च्या आखाती युद्धांत इराकनें स्कड नांवाचीं क्षेपणास्त्रें सौदी अरेबिया व इस्राएल ह्या देशांवर सोडलीं. तीं आकाशांतच नष्ट करण्यासाठीं अमेरिकेनें पेट्रियट नांवाची यंत्रणा उभी केली होती. २५ फेब्रुवारीच्या रात्रीं एक स्कड दहरान येथील अमेरिकन सैनिकांच्या निवासस्थानावर कोसळलें आणि २८ जण ठार झाले. त्या भागाच्या रक्षणास एक पेट्रियट यंत्रणा चालू स्थितींत होती. तरीहि तिनें अस्त्र सोडलें नाहीं. असें कां व्हावें?

रडारला लक्ष्य एकदां दिसलें म्हणजे त्याचा वेग व वेळ ह्यांवरून तें पुढच्या क्षणीं कोठें असेल, ह्याचें गणित संगणक करतो आणि रडार तेवढ्याच जागेंत पुन्हां पाहतें. तेथें कांहीं न आढळल्यास पहिलें दर्शन भास समजून सोडून दिलें जातें. म्हणजे सारी भिस्त घड्याळावर! पेट्रियटचें घड्याळ दशांश सेकंद मोजी. त्यांचे सेकंद करण्यास एक दशांशानें गुणावें लागे. आतां संगणक केवळ शून्य आणि एक ह्या दोन अंकांत हिशेब करतो. एक तृतीयांश दशांशचिन्हांत लिहूं गेल्यास तीनांची रांग संपत नाहीं, हें शाळेंतील मुलासहि ठाऊक असतें; संगणकांत तीच गत एक दशांशाची होते. पेट्रियटमध्यें ह्या रांगेस २४ जागा होत्या. पुढील भाग तोडला जाई. तुटलेला अंश अतिसूक्ष्म खरा, पण यंत्रणा जों जों अधिक वेळ चाले, तों तों चूक सांचत जाई. दहरानची यंत्रणा १०० तासांहून अधिक काळ अखंड चालू होती. तेवढ्यांत सुमारें ०.३४ सेकंदाचा फरक पडला. एवढ्या अवधींत स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर तोडतें. रडार भलत्याच जागीं पाहत राहिलें!

पेट्रियटची मूळ योजना विमानांविरुद्ध, आणि एका जागीं थोडे तास थांबून पुढें हलण्यासाठीं होती. तेवढ्यांत ही चूक उपद्रव देत नसे. पुढें वेगवान् क्षेपणास्त्रांसाठीं सुधारणा झाल्या, तेव्हां वेळेचें अधिक बिनचूक गणित आज्ञावलींत कांहीं ठिकाणीं घातलें गेलें, कांहीं ठिकाणीं राहून गेलें. जुना आणि नवा हिशेब एकमेकांशीं जुळेना.

मनास चटका लावणारा भाग पुढेंच आहे. सलग ८ तासांनंतर लक्ष्य शोधण्याची चौकट २० टक्के सरकते, अशी माहिती इस्राएलकडून ११ फेब्रुवारीस आली होती. १६ तारखेस दुरुस्त आज्ञावली निघाली. यंत्रणा फार दीर्घ काळ चालल्यास लक्ष्य सरकण्याचा संभव आहे, असा संदेशहि २१ तारखेस धाडण्यांत आला. पण ‘फार दीर्घ’ म्हणजे किती, हें त्यांत नव्हतें. वस्तुतः यंत्रणा बंद करून पुन्हां सुरू करण्यास एक-दीड मिनिट पुरे, आणि त्यानें घड्याळ पुन्हां शून्यावर येई. दुरुस्त आज्ञावली दहरानला पोंचली ती २६ तारखेस, म्हणजे अपघाताच्या दुसऱ्या दिवशीं. हा सर्व वृत्तांत अमेरिकन कायदेमंडळाच्या हिशेबतपासणी कार्यालयानें सन १९९२ मध्यें प्रसिद्ध केला.

यंत्रांतला सांधा निसटला, तसाच माणसांतलाहि. आमच्या वाचकांच्या घरचे कित्येक तरुण आज संगणकविद्येकडे वळले आहेत. आपण घडविलेली वस्तु कोणत्या कामासाठीं आहे व किती वेळ विश्वासानें चालेल, हें वापरणारास स्पष्ट आंकड्यांत कळविण्याची संवय त्यांनीं अंगीं बाणवावी. तो एक आंकडा वेळीं पोंचता, तर ते २८ जण कदाचित् घरीं परतले असते.