झेब्राफिशच्या डोळ्यातील हिरवा उजेड

गंगेच्या खोऱ्यातील ओढ्यांत आढळणारा, जेमतेम दीड इंच लांबीचा, अंगावर निळे पट्टे मिरवणारा जो झेब्राफिश फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली शास्त्राच्या दप्तरी दाखल केला, तोच आज दृष्टिपटलाच्या अभ्यासकांचा परम विश्वासू साहाय्यक होऊन बसला आहे, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

कोणता जनुक कोणत्या पेशीत, कोणत्या घटकेस जागृत होतो, हे जिवंत डोळ्यात पाहावे कसे? प्रत्येक जनुकाच्या अलीकडे त्याला कामाचा हुकूम देणारा डीएनएचा एक भाग असतो. मंद उजेडात पाहणाऱ्या दंडपेशींतच तयार होणाऱ्या ऱ्होडॉप्सिन या प्रथिनाच्या जनुकाचा तो भाग घेऊन त्यास जेलीफिशच्या हिरव्या प्रकाशमान प्रथिनाचा जनुक जोडावयाचा, आणि काचेच्या अतिसूक्ष्म सुईने तो जोड नुकत्याच फलित झालेल्या, अद्याप एकपेशीय अशा अंड्यात सोडावयाचा. ज्यांच्या वंशात तो कायम रुजतो, त्यांच्या पारदर्शक पिलांच्या डोळ्यांत, काळे रंगद्रव्य औषधाने रोखून निळ्या प्रकाशाखाली पाहिले असता, दंडपेशी तेवढ्या हिरव्या उजळतात आणि शेजारच्या शंकुपेशी अंधारातच राहतात. हे दृश्य जीवशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी पाहावे.

याच रीतीने दृष्टिपटलातील इतर पेशींना आधार देणाऱ्या म्युलर पेशी उजळवून पाहता असे दिसले, की दृष्टिपटलास इजा होताच त्या पेशी विभाजन पावून नष्ट झालेल्या पेशींची जागा भरून काढतात. म्युलर पेशी मनुष्याच्या डोळ्यातही आहेत. मात्र तेथे इजेनंतर अशी भरपाई होत नाही.