दूध का बाधते?

दूध म्हणजे अमृत, असे आपण म्हणतो. पण काहींना ते सोसत नाही. पेलाभर दूध घेतले की पोट फुगते, गुरगुरते, जुलाब होतात. कामाचा खाडा होतो. लोक म्हणतात, "सोंग करतोय." घरची म्हणतात, "दृष्ट लागली." दोन्ही खोटे!

दुधात एक साखर असते. ती पचवणारा रस लहान आतड्यात तयार होतो. वय वाढते, तसा पुष्कळांचा तो रस कमी होतो. मग ती साखर न पचता मोठ्या आतड्यात जाते. तिथे ती आंबते आणि वायू धरतो.

हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आठ-दहा दिवस दूध बंद करून पाहा. बरे वाटले, तर कारण कळले. चहातले थोडे दूध बहुतेकांना चालते. दही-ताकही सोसते, कारण विरजणाने ती साखर कमी होते. हाडांसाठी नाचणीची भाकरी, तीळ खावेत.

तान्ह्या बाळाचे अंगावरचे दूध मात्र तोडू नका. शौचात रक्त पडले किंवा वजन घटले, तर डॉक्टरांकडे जा.

आणि पाहुणा दूध नको म्हणाला, तर राग धरू नका. त्याला ताक द्या.