एलिझाबेथ पहिली : रंगवलेला चेहरा आणि हातातली लेखणी

शेखर कपूर यांचा ‘एलिझाबेथ’ १९९८ साली आला. त्याच्या शेवटी केट ब्लँचेटची राणी केस कापून घेते, चेहऱ्यावर पांढरा लेप चढवते आणि दगडी मूर्तीसारखी दरबारात येते. इंग्लंडची पहिली एलिझाबेथ म्हटलं की आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हेच रूप उभं राहतं: पांढराफटक चेहरा, लालसर केस, मोत्यांचे सर, गळ्याभोवती झालरीची भली मोठी कॉलर. दृश्य विलक्षण आहे, पण तसं घडलेलं नाही. १७ नोव्हेंबर १५५८ रोजी ती राणी झाली तेव्हा २५ वर्षांची होती आणि तिच्या लग्नाच्या वाटाघाटी त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ चालू राहिल्या. फ्रान्सच्या राजाचा धाकटा भाऊ हा शेवटचा उमेदवार. ते लग्न १५८०च्या दशकाच्या सुरुवातीला बारगळलं आणि ‘कुमारी राणी’ ही प्रतिमा खऱ्या अर्थाने पक्की झाली ती त्याच काळात.

४४ वर्षं राज्य केलेल्या या बाईचा चेहरा आपण पुष्कळ पाहिला आहे. तिचं वाचन, तिची भाषांतरं, तिने स्वतःच्या हाताने खोडून पुन्हा लिहिलेले भाषणांचे मसुदे मात्र अभ्यासकांच्या बाहेर फार कमी लोकांना ठाऊक आहेत. माझ्या मते तिची सत्ता समजून घ्यायची तर हे कागद चित्रांइतकेच, कदाचित त्यांच्याहून जास्त, महत्त्वाचे आहेत.

चित्रांवरचा ताबा

चित्रांपासूनच सुरुवात करू, कारण त्यांचं महत्त्व तिला स्वतःला नेमकं कळलं होतं. १५६३ मध्येच एका जाहीरनाम्याचा मसुदा तयार झाला होता: राणीचं एक मान्य चित्र तयार होईपर्यंत कोणीही तिची चित्रं काढू नयेत, आणि नंतर काढायची ती त्यावरूनच. १५९६ मध्ये प्रिव्ही कौन्सिल या राणीच्या सल्लागार मंडळाने तिची बेढब चित्रं शोधून नष्ट करण्याचा हुकूम काढला.

या दोन तारखांच्या मधली गोष्ट रंजक आहे. १५७५च्या सुमारास काढलेलं ‘डार्नली’ नावाचं चित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. त्यातल्या चेहऱ्याचा खाका पुढे कित्येक वर्षं चित्रकारांच्या हातात फिरत राहिला. पोशाख बदलले, दागिने वाढले, पण चेहरा तोच. निकोलस हिलियर्ड या लघुचित्रकाराने आपल्या ग्रंथात राणीसोबतच्या बैठकीची आठवण लिहून ठेवली आहे. चेहऱ्यावर सावली पडू नये म्हणून ती बागेतल्या मोकळ्या उजेडात बसली होती. आयझॅक ऑलिव्हरने १५९०च्या सुमारास तिच्या वयाला धरून एक चेहरा रंगवला, तो आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये अर्धवट अवस्थेत आहे. दरबाराने तो नमुना उचलला नाही. हॅटफिल्ड हाउसमधलं ‘इंद्रधनुष्य’ चित्र १६००च्या आसपासचं. राणी तेव्हा सत्तरीकडे झुकलेली होती, पण चित्रात तरुणी दिसते. तिच्या झग्यावर डोळे आणि कान रंगवले आहेत, म्हणजे राणी सगळं पाहते आणि ऐकते. ज्या राज्यात फ्रान्सिस वॉल्सिंगमचं हेरांचं जाळं पसरलेलं होतं, तिथे पाहणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगावा लागला नसेल.

या चित्रांचं वजन आजही टिकून आहे. स्पॅनिश आरमाराच्या पराभवानंतरचं ‘आर्माडा’ चित्र २०१६ मध्ये रॉयल म्युझियम्स ग्रिनिचने १ कोटी ३ लाख पौंडांना घेतलं. त्यासाठी सुमारे ८,००० सामान्य लोकांनी वर्गणी दिली. ज्या ग्रिनिचमध्ये ती १५३३ साली जन्मली तिथेच, क्वीन्स हाउसमध्ये, ते आता टांगलेलं आहे. चित्रात तिची बोटं पृथ्वीच्या गोलावर अमेरिकेवर टेकलेली आहेत. तेव्हा इंग्लंडची अमेरिकेत एकही वसाहत धड रुजलेली नव्हती. म्हणजे हे चित्र घडलेल्यापेक्षा हवं असलेलं जास्त दाखवतं.

उडालेला रंग

त्या पांढऱ्या चेहऱ्याबद्दल मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ‘डार्नली’ चित्राची तपासणी झाली तेव्हा दिसलं की गालांवरचं लाल रंगद्रव्य चार शतकांत फिकं पडलं आहे. चित्रकाराने रंगवलेल्या राणीच्या गालांवर गुलाबी छटा होती. आपण ज्याला तिचा गोठलेला, निर्विकार पांढरेपणा म्हणतो त्यातला काही भाग निव्वळ उजेडाने रंग उडाल्याचा परिणाम आहे. १५६२ मध्ये तिला देवी आल्या, त्यात ती मरता मरता वाचली, हे खरं. त्या व्रणांवर ती शिशाचा जाड लेप थापायची आणि त्यानेच मेली, ही गोष्ट आज सगळीकडे छातीठोकपणे सांगितली जाते. तिच्या काळातला पुरावा मात्र तेवढा भार पेलत नाही. पॉल हेंट्झनर या जर्मन प्रवाशाने १५९८ मध्ये तिला ग्रिनिचला पाहिलं. त्याने सुरकुत्या, किंचित बाकदार नाक, काळे पडलेले दात आणि लाल रंगाचा केसांचा टोप यांची नोंद केली आहे. त्याचं वर्णन वाचताना चित्रांमधून हरवलेली म्हातारी बाई प्रथमच समोर येते, आणि ती मला त्या चित्रांपेक्षा जास्त आदरणीय वाटते.

अकराव्या वर्षीची भेट

आई अ‍ॅन बुलिन हिचा शिरच्छेद झाला तेव्हा एलिझाबेथ तीन वर्षांचीही नव्हती. तिला अनौरस ठरवण्यात आलं. राजकन्या म्हणून भविष्य अंधुक, पण शिक्षण मात्र उत्तम मिळालं. विल्यम ग्रिंडल आणि रॉजर अ‍ॅस्कम हे तिचे शिक्षक. अ‍ॅस्कमची पद्धत कसून घेणारी होती: सिसेरोचा लॅटिन उतारा इंग्रजीत आणायचा, मूळ बाजूला ठेवायचं, काही वेळाने आपल्याच इंग्रजीवरून तो परत लॅटिनमध्ये न्यायचा आणि मग मुळाशी ताडून पाहायचा. दुसऱ्याच्या वाक्याची बांधणी आतून कळावी यासाठी याहून चांगला व्यायाम मला ठाऊक नाही.

१५४४ संपताना, अकरा वर्षांच्या एलिझाबेथने सावत्र आई कॅथरिन पार हिला नववर्षाची भेट म्हणून एक हस्तलिखित दिलं. नव्हारची राणी मार्गरीट हिच्या फ्रेंच धार्मिक काव्याचं ते इंग्रजी गद्य भाषांतर. मजकूर तिच्या स्वतःच्या अक्षरात आहे आणि वरचं भरतकामाचं वेष्टनही तिनेच केलं असं मानतात. ते ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात जपलेलं आहे. पुढच्याच वर्षी तिने वडिलांसाठी, आठव्या हेन्रीसाठी, कॅथरिनच्या प्रार्थनांचं लॅटिन, फ्रेंच आणि इटालियन असं तीन भाषांत रूपांतर केलं.

ही सवय राजमुकुट आल्यावरही सुटली नाही. साठाव्या वर्षी, १५९३ मध्ये, तिने बोइथियसचं तत्त्वज्ञानाच्या सांत्वनावरचं पुस्तक महिनाभरात इंग्रजीत उतरवलं, काही भाग स्वतः लिहून, काही चिटणिसाला सांगून. १५९८ मध्ये प्लुटार्क आणि होरेस झाले. २०१९ मध्ये तर नवीच भर पडली. जॉन-मार्क फिलो या अभ्यासकाने लंडनच्या लॅम्बेथ पॅलेस ग्रंथालयातलं टॅसिटसचं एक भाषांतर तिचं असल्याचं दाखवून दिलं. नक्कल चिटणिसाच्या हातची, कागद तिच्या खाजगी पत्रव्यवहारातला, आणि दुरुस्त्या तिच्या वाकड्यातिकड्या, वाचायला कठीण अक्षरात. लहानपणी मोत्यासारखं असलेलं तिचं अक्षर कामाच्या रेट्यात इतकं बिघडलं होतं की तेच तिची ओळख ठरलं! त्यातही तिने निवडला टॅसिटस, म्हणजे सम्राटांच्या दरबारातली खुशामत आणि भीती उघडी करणारा इतिहासकार.

शब्दांचं राज्य

हे वाचन कारभारात उतरलेलं दिसतं. १५९७ मध्ये पोलंडचा वकील भर दरबारात लॅटिनमध्ये तिला सुनावू लागला. स्तुतिपर भाषणाची अपेक्षा असलेल्या राणीने तिथल्या तिथे, कोणतीही तयारी नसताना, लॅटिनमध्येच त्याची खरडपट्टी काढली. तिचा मंत्री रॉबर्ट सेसिल याने हा प्रसंग पत्रात लिहून ठेवला आहे.

टाळाटाळ ही तिची दुसरी विद्या. तिच्या कैदेत असलेली स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी हिला देहदंड द्या, असा संसदेने १५८६ मध्ये आग्रह धरला तेव्हा तिने दिलेलं उत्तर हे उत्तरच नव्हतं, आणि ते तसं आहे हे तिने सभासदांना उघडपणे सांगितलं. त्या भाषणाच्या प्रतीवर तिच्या हातच्या दुरुस्त्या आहेत. फेब्रुवारी १५८७ मध्ये मेरीच्या मृत्युदंडाच्या फर्मानावर सही तिचीच, पण दोष आला चिटणीस विल्यम डेव्हिसनवर आणि तो तुरुंगात गेला. याला कोणी धूर्तपणा म्हणेल, मला त्यात क्रौर्यही दिसतं. तिच्या बुद्धीचं कौतुक करताना डेव्हिसनला विसरू नये.

तिचं सर्वांत गाजलेलं भाषण टिलबरीचं. ऑगस्ट १५८८ मध्ये, आरमाराचा धोका पुरता टळला नव्हता तेव्हा, ती टिलबरीच्या छावणीत सैनिकांसमोर गेली आणि बोलली, हे नक्की. स्त्रीचं दुबळं शरीर आणि राजाचं काळीज असा ज्याचा आशय सांगतात, तो प्रसिद्ध मजकूर मात्र तिथे हजर असलेल्या लिओनेल शार्प या धर्मगुरूच्या पत्रातून येतो. ते पत्र तीसेक वर्षांनंतरचं आहे आणि छापलं गेलं १६५४ मध्ये. चांदीचं चिलखत घालून पांढऱ्या घोड्यावर बसलेली राणीही बरीचशी नंतरच्या सांगण्यातून घडली आहे.

नटींची राणी

सारा बर्नहार्टने १९१२ मध्ये मूकपटात एलिझाबेथची भूमिका केली, तेव्हापासून ती मोठ्या नटींची कसोटी झाली. बेटी डेव्हिसने १९३९ आणि १९५५ अशी दोनदा केली. ज्यूडी डेंचने ‘शेक्सपिअर इन लव्ह’मध्ये काही मिनिटांतच ऑस्कर मिळवलं. यांतल्या बहुतेक पटकथा मर्जीतल्या सरदारांशी असलेल्या प्रेमप्रकरणांवर बेतलेल्या असतात: डडली की एसेक्स, लग्न की राज्य. बीबीसीच्या १९७१च्या सहा भागांच्या ‘एलिझाबेथ आर’मध्ये ग्लेंडा जॅक्सनने मात्र काम करणारी राणी दाखवली. ती ऐकते, वाचते, सही लांबवते. कपूर यांच्या चित्रपटाइतकं ते डोळ्यांत भरत नाही, पण खऱ्या एलिझाबेथच्या जास्त जवळ जातं.

दुसरी एलिझाबेथ १९५२ मध्ये गादीवर आली तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘नवं एलिझाबेथ युग’ अशी हाकाटी सुरू केली. १९५३च्या नाताळच्या भाषणात नव्या राणीने ती तुलना नम्रपणे नाकारली. आपल्या त्या पूर्वजेला पती नव्हता, मुलं नव्हती, ती हुकूमशहासारखी वागली आणि मायभूमीचा किनारा सोडून कधी बाहेर जाऊ शकली नाही, अशा आशयाचं ती बोलली.

ज्यांना हे राज्य सोसावं लागलं

आयर्लंडमध्ये पहिल्या एलिझाबेथची आठवण वेगळी आहे. मन्स्टर प्रांतातलं बंड १५८३ पर्यंत मोडून काढताना उभी पिकं जाळली गेली आणि त्यातून भीषण दुष्काळ पडला. १५६४ मध्ये जॉन हॉकिन्स आफ्रिकेतल्या माणसांना पकडून विकायला निघाला, तेव्हा ‘जीझस ऑफ ल्यूबेक’ हे जहाज त्याला राणीनेच दिलं होतं. आजच्या कोणत्याही प्रामाणिक चरित्राला ही पानं टाळता येत नाहीत.

कॅथलिक प्रजेचंही तसंच. १५७० मध्ये पोपने या प्रोटेस्टंट राणीला बहिष्कृत केलं आणि त्यानंतर कॅथलिक धर्मगुरू असणं हळूहळू राजद्रोहाच्या जवळ जाऊन पोहोचलं. एडमंड कँपियन या तरुण विद्वानाने १५६६ मध्ये ऑक्सफर्डला तिच्यासमोर वादसभेत भाग घेऊन तिची वाहवा मिळवली होती. तो पुढे जेझुइट या कॅथलिक पंथाचा धर्मगुरू झाला. १ डिसेंबर १५८१ रोजी लंडनमध्ये त्याला फाशी देऊन त्याच्या देहाचे तुकडे करण्यात आले.

गोव्यातले चार इंग्रज

याच धर्मसंघर्षाच्या काळात इंग्लंड सोडून गेलेला तिचा एक कॅथलिक प्रजाजन मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचा आहे: फादर थॉमस स्टीफन्स. रोमला जाऊन तो जेझुइट झाला, ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्याला पोहोचला आणि पुढे दहा हजारांहून अधिक ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ त्याने मराठीत रचलं. ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं.

१५८३ मध्ये एलिझाबेथचं अकबर बादशहाला लिहिलेलं पत्र घेऊन जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, जवाहिऱ्या विल्यम लीड्स आणि चित्रकार जेम्स स्टोरी हे निघाले. होर्मुझला पोर्तुगीजांनी त्यांना हेर समजून पकडलं आणि गोव्याच्या तुरुंगात आणून टाकलं. त्यांच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत स्टीफन्स होता. ज्या राणीच्या राज्यात त्याच्या पंथाचे धर्मगुरू फासावर जात होते, तिच्याच दूतांना त्याने जामीन मिळवून द्यायला मदत केली.

स्टोरी गोव्यातच राहिला. बाकीचे तिघे १५८४ मध्ये निसटून विजापूर, गोवळकोंडा, बऱ्हाणपूरमार्गे आग्रा आणि फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. लीड्स अकबराच्या चाकरीत राहिला. फिच पुढे बंगाल, ब्रह्मदेश, मलाक्का पाहून १५९१ मध्ये लंडनला परतला आणि पूर्वेच्या व्यापाराची त्याची माहिती तिथल्या व्यापाऱ्यांच्या कामी आली. त्याच व्यापाऱ्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीला ३१ डिसेंबर १६०० रोजी राणीने सनद दिली, १५ वर्षांच्या मक्तेदारीची. जेम्स लँकेस्टरची पहिली चार जहाजं १६०१ मध्ये निघाली, तेव्हा पूर्वेच्या राजांना द्यायची राणीची पत्रं त्यांच्याबरोबर होती. सुमात्रातल्या आचेच्या सुलतानाने १६०२ मध्ये तसंच एक पत्र स्वीकारून इंग्रजांना व्यापाराची परवानगी दिली.