कोशिंबिरीला लिंबू-दाण्याचं वाटण, मीठ शेवटी

काकडी-टोमॅटो चिरला की आपण आधी मीठ टाकतो. मीठ भाजीतलं पाणी ओढतं. जेवायला बसेपर्यंत वाटीत पाणी साचतं, चव त्यातच उतरते, आणि आपण वरून पुन्हा मीठ घालतो. मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे लहान चमचाभरापेक्षा थोडं कमीच मीठ असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात भाजी, आमटी, लोणचं, पापड सगळं आलं. घरात कुणाला बीपीची गोळी चालू असेल तर हा हिशेब ठेवायलाच हवा.

म्हणून आम्ही सुचवतो ते असं. चौघांसाठी भाजलेले दाणे दोन मोठे चमचे, लसणाची पाकळी, अर्धी हिरवी मिरची, थोडं जिरं खलबत्त्यात कुटा. एका लिंबाचा रस नि थोडं पाणी घालून सैल करा. तेल नको, दाण्यात ते असतंच. साखरही आम्हाला नकोशी वाटते. काळपट, कडवट दाणा फेकून द्या. बुरशीचं विष भाजूनही पुरतं जात नाही. हे वाटण ताटं वाढताना कालवा, आणि मीठ शेवटी, चिमूटभर.

लिंबू मात्र टाळू नका. पालेभाजी-डाळीतलं लोह लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे अंगी जास्त लागतं. रक्त कमी असलेल्या आयाबहिणींनी ही कोशिंबीर जेवणाबरोबरच खावी आणि वर लगेच चहा घेऊ नये, चहा लोह अडवतो. लिंबू महागलं तर कैरी किंवा आवळा किसून घाला. चिंचेनं आंबटपणा येईल, पण तिच्यात क जीवनसत्त्व नावापुरतंच असतं.