पुस्तकाला आवाज, आवाजाला परवाना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी तान्हेपणीच गेली. तरी त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले, कारण त्यांना वाचून दाखवणारी आणि लिहून घेणारी माणसं मिळाली. आज उमरखेड किंवा घाटंजीकडच्या खेड्यातल्या अंध विद्यार्थ्याला रोज वाचून दाखवणारा कुठून मिळणार? त्याला बोलतं पुस्तक हवं.

बोलतं पुस्तक म्हणजे नुसतं ध्वनिमुद्रण नव्हे. जुन्या कॅसेटवर एक धडा शोधायचा तर फीत सारखी मागं-पुढं करावी लागे. १९९६ साली स्थापन झालेल्या 'डेझी' संघाच्या पद्धतीत आवाजाला प्रकरण, मथळा, पान अशा खुणा जोडतात. बेचाळिसावं पान हवं असेल, तर थेट तिथं जाता येतं.

यासाठी तीन सॉफ्टवेअर लागतात. एक पुस्तक तयार करणारं, दुसरं पडद्यावरचा मजकूर वाचणारं, तिसरं मराठी बोलणारा आवाज. सरकारी शाळा किंवा ग्रंथालय ती 'विकत घेतं' असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात घेतला जातो तो वापराचा परवाना. किती संगणकांवर, किती दिवस, हे त्यात लिहिलेलं असतं. मुदत संपली, किंवा नव्या संगणकावर जुनी आवृत्ती चालेना, की पुन्हा खर्च. काही वेळा एका परवान्याची किंमत संगणकाएवढी होते.

मग फुकटचं काही नाही का? आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन आणि जेम्स टेह या दोन अंध तरुणांचं 'एनव्हीडीए' २००६ पासून घडत आलं आहे. डेझी संघाचं 'ओबी' ध्वनिमुद्रणासाठी मोफत मिळतं. मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं केंद्र सरकारचं धोरणही २०१५ चं आहे. पैसे भरून घेतलेलं सॉफ्टवेअर अनेकदा जास्त सोयीचं असतं, हे मान्य. पण घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत : जोडाक्षरांचा उच्चार नीट होतो का? परवाना दुसऱ्या संगणकावर नेता येतो का? शिक्षकाला शिकवणार कोण? आणि ज्याच्यासाठी घ्यायचं, त्या अंध वाचकानं ते वापरून पाहिलं का?

आणखी एक अडचण मराठीची. आपली कितीतरी पुस्तकं युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये टाइप झाली आहेत. डोळ्यांना ती मराठी दिसतात, यंत्राला मात्र निरर्थक अक्षरं. असं पुस्तक महागड्या आवाजालाही वाचता येत नाही. प्रकाशकांकडून युनिकोड प्रत मागणं हे परवान्याइतकंच महत्त्वाचं.

लेखकाची परवानगी हा अडसर आता नाही. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनं अंधांसाठी ना-नफा तत्त्वावर अशी प्रत करायला मोकळीक दिली. २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालयही आहे.

कवी म्हणून एकच जोडतो. क्रमिक पुस्तक यंत्रानं वाचलं तर चालेल. पण वऱ्हाडी कवितेतला हेल आणि ओळीच्या मध्यावरचा थांबा त्याला साधत नाही. तिथं माणसाचाच आवाज हवा. म्हणून परवान्यात वाचलेला पैसा शांत खोली, चांगला मायक्रोफोन आणि वाचणाऱ्याचं मानधन यांवर खर्च व्हावा. यवतमाळात वाचणाऱ्यांची वाण नाही. पुस्तक परीक्षेच्या आधी विद्यार्थ्याच्या हाती पडलं पाहिजे. नंतर आलेल्याचा त्याला काय उपयोग?