फी बाकी आहे म्हणून वकील तुमची फाईल अडवू शकतो का?

आजचा विषय थेट घरातून आलाय. बाबांना जमिनीच्या केसमध्ये वकील बदलायचा होता. जुने वकील म्हणाले, "आधी उरलेली फी, मग फाईल." खरेदीखत, जुने सातबारे, सगळं त्यांच्याकडे आणि तारीख दहा दिवसांवर! बाबा गप्प बसले. मी मात्र रात्रभर बग शोधावा तसा नियम शोधला.

आणि सापडला. २००० साली आर. डी. सक्सेना खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की फी थकली तरी वकिलाला अशिलाची कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत. फीसाठी त्याने वेगळा दावा लावावा. फाईल न देणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे.

मग वकिलांना हे शिकवत नाहीत का? शिकवतात की! एलएलबीला व्यावसायिक नीतिमत्तेचा सक्तीचा पेपर असतो, ऑल इंडिया बार परीक्षेतही त्यावर प्रश्न येतात. पण आम्हा आयटीवाल्यांना कम्प्लायन्स ट्रेनिंग दरवर्षी करावं लागतं, तशी परीक्षा वकिलांना सनद टिकवायला दरवर्षी द्यावी लागत नाही. म्हणून नियम आपल्यालाही माहीत हवेत.

काय करायचं? आधी लेखी मागणी करा, पोच घ्या. तरी फाईल मिळाली नाही, तर ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१च्या कलम ३५खाली राज्याच्या बार कौन्सिलकडे तक्रार करा. समज, निलंबन, अगदी सनद रद्द होण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते.

बाबांनी पत्र दिलं, चौथ्या दिवशी फाईल घरी आली. उरलेली फीही आम्ही दिली. ती त्यांच्या कष्टाचीच होती.